सगळ्या चाली पाठ झाल्यावर त्या खेळाचं करायचं काय?

मधली_रांग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बोर्ड गेम्सवर इथे तुरळक धागे आहेत पण माझा प्रश्न नेमका कशात बसतो ते कळेना म्हणून नवीन काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगतो.

तर झालं असं. उभ्या जाळीत वरून चकत्या टाकायचा खेळ असतो ना, सात उभ्या रांगा, सहा आडव्या, आपल्या चार सलग आल्या की जिंकलो, तो कनेक्ट फोर. मला प्रोग्रामिंगची खाज, त्यामुळे एका सुट्टीत त्याचा सॉल्व्हर, म्हणजे कुठल्याही स्थितीत अचूक चाल सांगणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. यात नवीन काही नाही, हा खेळ १९८८ सालीच सुटलाय, जेम्स ॲलन आणि व्हिक्टर ॲलिस या दोघांनी आपापला स्वतंत्रपणे सोडवला. पहिल्या खेळाडूने पहिली चकती मधल्या रांगेत टाकली आणि पुढे एकही चूक केली नाही तर तो जिंकतोच, उशिरात उशिरा ४१ व्या चकतीला. मधलीच्या लगतच्या रांगेत टाकली तर बरोबरी आणि त्याहून कडेला टाकली तर समोरचा जिंकू शकतो. एकूण स्थिती साडेचार लाख कोटींच्या वर, ऐकायला भयंकर पण आजच्या लॅपटॉपला घाम फुटत नाही.

प्रोग्राम चालला, मी खूश. मग त्याच्याशी खेळून खेळून सुरुवातीच्या बऱ्याच चाली माझ्याच डोक्यात बसल्या आणि इथे माती खाल्ली. दहा वर्षांची भाची माझ्याशी हा खेळ रोज खेळायची. तिची एक सवय आहे, चकती जाळीच्या वरच्या कडेवर धरून टकटकटक करत डावीकडून उजवीकडे नेते, परत आणते, मधेच माझ्या तोंडाकडे बघते आणि मग सोडते. आता तिची चकती चौथ्या खाचेवर पोचायच्या आत मला उत्तर माहीत असतं. जिंकलो तर ती कंटाळते. मुद्दाम हरलो तर बरोब्बर पकडते, "मामा, तू खोटं खोटं हरलास" म्हणून रुसते. पंधरा दिवस झाले, खोक्याला कोणी हात लावला नाहीये.

प्रश्न एवढाच की सुटलेला खेळ हा खेळ उरतो का? आणि नसेल उरत तर मग बुद्धिबळही सुटायची वाट बघतंय म्हणायचं का?

---

रिकामा_खोका

एवढं काय त्यात. दुसरा गेम काढा.

---

गणंग

मस्त धागा, पण "सुटलेला" या शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकाच पोत्यात भरल्यात.

एक म्हणजे कोण जिंकणार ते माहीत, पण कसं ते माहीत नाही. याचं सुंदर उदाहरण हेक्स. षटकोनी घरांचा पाट, प्रत्येकाने आपल्या दोन समोरासमोरच्या कडा सलग सोंगट्यांनी जोडायच्या. १९४२ मध्ये पीट हाइनने काढला आणि १९४८ मध्ये जॉन नॅशने त्याचा स्वतंत्रपणे शोध लावला. यात बरोबरी होऊच शकत नाही. आता समजा दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकायची युक्ती आहे. मग पहिल्याने कुठेतरी एक सोंगटी टाकून द्यायची आणि स्वतःला दुसरा समजून तीच युक्ती चोरायची. पाटावर आपली एक सोंगटी जास्त असण्याने या खेळात तोटा कधीच होत नाही. म्हणजे दोघंही हमखास जिंकणार, जे अशक्य, म्हणजे दुसऱ्याकडे तशी युक्ती नाहीच, म्हणजे पहिलाच जिंकतो. झाली सिद्धता. पाट कितीही मोठा घ्या, लागू आहे, आणि पहिली सोंगटी कुठे ठेवायची याबद्दल ती एक अक्षर सांगत नाही. मला तर हे वाचून पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं होतं.

दुसरं म्हणजे सुरुवातीच्या स्थितीपासून काय खेळायचं ते माहीत. चेकर्सचं (बुद्धिबळासारख्या पाटावर एकसारख्या सोंगट्यांनी खेळतात तो) हे २००७ मध्ये झालं. जोनाथन शेफर आणि मंडळींनी १९८९ पासून हे लावून धरलं होतं, स्थिती किती तर पाचावर वीस शून्यं. निकाल काय, दोघंही अचूक खेळले तर बरोबरी. यामागे एक माणूस आहे, मॅरियन टिन्सली. गणिताचा प्राध्यापक आणि चेकर्समध्ये इतका अफाट की आख्ख्या कारकिर्दीत हरलेले डाव हाताच्या बोटांवर मोजावेत. १९९२ मध्ये शेफरच्या चिनूक प्रोग्रामला त्याने हरवलं. १९९४ ला परत बसले, सहा डाव झाले, सहाही बरोबरीत, मग टिन्सली आजारपणामुळे उठला आणि पुढच्या वर्षी गेला. म्हणजे प्रोग्राम जगज्जेता झाला तो टिन्सलीला सामन्यात न हरवता. शेवटी जो निकाल सिद्ध झाला तोच त्या सहा डावांचा होता, हे मला कायम लक्षात राहतं.

तिसरं म्हणजे कुठलीही स्थिती द्या, उत्तर तयार. तुमचा सॉल्व्हर यातला.

बुद्धिबळाची काळजी करू नका. क्लॉड शॅननने १९५० मध्ये अंदाज केला होता, शक्य डाव एकावर १२० शून्यं. काळ्या-पांढऱ्या दगडांचा गो तर बोलायलाच नको, १९ × १९ च्या पाटावर नियमात बसणाऱ्या स्थितींचा आकडा १७१ अंकी आहे. कॉम्प्युटर जिंकतो म्हणजे खेळ सुटला असं नाही, १९९७ मध्ये बुद्धिबळात कास्पारोव्ह हरला, २०१६ मध्ये गोमध्ये ली सेडॉल ४-१ ने हरला, दोन्ही खेळ अजून न सुटलेलेच आहेत.

---

निशिगंधा

वाचतेय. गणंग, ते चोरीचं मी तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं, पण शिरलं.

माझा अनुभव उलट्या बाजूचा. माझा लेक चार वर्षांचा, त्याला फक्त सापशिडी हवी असते, दिवसात सहा वेळा. त्यात तर सोडवायला काहीच नाही, फासा टाका आणि तो सांगेल तिथे जा. मी एकदा वैतागून हिशोब शोधला, एका प्रचलित पाटावर एकट्या सोंगटीला वर पोचायला सरासरी ३९ च्या आसपास फेकी लागतात. नशीब जोरावर असेल तर सातातही होतं. ते वाचल्यावर मला अजूनच दमायला झालं.

पण तो मात्र प्रत्येक फेकीला फुंकर मारतो आणि सापाने गिळलं की पाटाशी भांडतो. त्याच्या दृष्टीने तो खेळतोच आहे की.

---

गणंग

हे लक्षातच आलं नव्हतं. सापशिडीत एकही निर्णय नाही आणि पूर्ण सुटलेल्या खेळातही, ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्यापुरता, एकही निर्णय उरत नाही. दोन टोकं फिरून एकाच जागी येतात.

---

डबाबंद

तुम्ही लोक खेळताय तरी. माझ्याकडे २१२ खोकी आहेत, त्यातली ६० च्या वर न उघडलेली. यावर हसायचं असेल तर हसून घ्या, घरच्यांचं आधीच हसून झालंय.

संग्रह करणाऱ्याचा खरा शत्रू खेळणारी माणसं नसून हवा आहे. पाट म्हणजे पुठ्ठा, त्यावर कागद चिकटवलेला, पुठ्ठा दमट हवेत पाणी पितो आणि दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत त्यामुळे पाट पापडासारखा वाकतो. वाकला तर उलट बाजूने हळूच वाकवून वजनाखाली ठेवायचा, घाई केली की घडीवर कागद फाटतो (फाडलाय). खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि त्या अधूनमधून बदलायच्या, टाकून विसरायच्या नाहीत. कार्डांना कव्हरं पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसीची नकोत, ती काही वर्षांनी चिकट होऊन कार्डाला धरतात. उन्हाच्या बाजूला लाल रंगाचं खोकं ठेवू नका. पाठीकडचा लाल आधी जातो आणि मग कपाटात दात पडल्यासारखं दिसतं.

एकदा एका प्रकाशकाकडून आलेल्या खोक्यात दोन रंगांच्या सोंगट्या एकाच रंगाच्या निघाल्या. तीन महिने मेल करत होतो. मिळाल्या शेवटी, तिसऱ्याच रंगाच्या.

आता माझा प्रॉब्लेम. पॅंडेमिक लेगसी हा २०१५ चा खेळ माझ्याकडे सीलबंद आहे. लेगसी प्रकारात खेळता खेळता पाटावर स्टिकर चिकटवायचे, कार्डं फाडायची, छोट्या डब्या ठरल्या वेळीच उघडायच्या. म्हणजे एकदा खेळलात की तो खेळ पुन्हा तसा नाही. खेळायचा तर संपवावा लागतो आणि ठेवायचा तर खेळता येत नाही. चार वर्षं झाली, मी सील नखाने खरवडून परत ठेवून देतो.

---

रिकामा_खोका

२१२??? साहेब तुम्ही संग्राहक नाही, गोदाम आहात. (हलकं घ्या.)

---

तिरकी_चाल

डबाबंद, तुमचं दुखणं फार जुनं आहे. आजच्या इराकमधल्या प्राचीन उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत १९२० च्या दशकात उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वुलीला शिंपल्याच्या चौकटी जडवलेला पाट सापडला, वीस घरांचा, इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमाराचा. ब्रिटिश म्युझियममध्ये काचेमागे आहे. लाकूड कुजलं होतं, पण जडवलेले तुकडे जागच्या जागी राहिले, कारण पुरलेला. पण खेळायचा कसा? त्याची माहिती मिळाली ती मातीच्या एका पाटीवरून, जी इसवी सनापूर्वी १७७ ची, म्हणजे पाटापेक्षा चोवीसशे वर्षांनी धाकटी. ब्रिटिश म्युझियमच्याच आयर्विंग फिंकेलने ती वाचली. आणि त्याच खेळाचा आणखी एक पाट कुठे सापडला तर असीरियाच्या राजवाड्याच्या दारावर जे प्रचंड पंखवाले बैल होते त्यांच्या दगडी चौथऱ्यावर, कोणीतरी टोकदार वस्तूने ओरखडलेला. पहारा देणाऱ्यांनी वेळ जात नाही म्हणून खरवडला असणार. आता मला सांगा, खेळ टिकवला कोणी? रत्नजडित खोकं पुरणाऱ्याने की त्या कंटाळलेल्या शिपायांनी?

---

डबाबंद

शिपायांनी. पण पाट पुरला नसता तर तुम्ही आज हे टंकत नसता.

आणि नियमांचं म्हणालात म्हणून, माझ्या संग्रहातली सगळ्यात जपून ठेवलेली गोष्ट नियमांची पत्रकं आहेत. पाट परत काढता येतो, सोंगटीऐवजी बटण चालतं. टॅब्लुटची गोष्ट माहिती असेल. मधे राजा आणि त्याचे रक्षक, चारी बाजूंनी शत्रू, राजाने निसटायचं. वनस्पतींची नावं ठेवणारा तो लिनियस १७३२ मध्ये लॅपलँडला फिरत होता तेव्हा हा खेळ बघून त्याने लॅटिनमध्ये नियम टिपून ठेवले. पुढे १८११ च्या भाषांतरात राजाला पकडायच्या नियमाची गडबड झाली, पाटावर कुठेही असला तरी चारी बाजूंनी घेरलाच पाहिजे असा अर्थ झाला, त्यामुळे राजा डोईजड झाला. मग लोक कितीतरी वर्षं "हा खेळ एकतर्फी का" म्हणून आपापली ठिगळं लावत बसले. एका वाक्याच्या चुकीने. सोंगट्या काय, सगळ्या शाबूत होत्या.

आणि गोदाम म्हणणाऱ्यांसाठी, स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या, वॉलरसच्या दाताच्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी एक हरवलेला पहारेकरी २०१९ मध्ये उजेडात आला. १९६४ मध्ये किरकोळ भावात कोणीतरी घेतला होता, तेव्हापासून घरच्या एका खणात होता. खण आवरू नयेत लोकहो.

---

तिरकी_चाल

आता मूळ प्रश्नाकडे, थोडं लांबेल, बोअर झालं तर पुढे जा.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने खेळाची व्याख्या केली होती, माझ्या शब्दांत सांगायची तर अनावश्यक अडथळे स्वखुशीने ओलांडायचा प्रयत्न म्हणजे खेळ. बुद्धिबळात समोरचा राजा हवाय ना? मग हात लांब करून उचला, कोण अडवतंय? पण तसं केलंत तर राजा मिळतो आणि डाव मिळत नाही. आपण वाकडी वाट मुद्दाम घेतो, ती वाकडी आहे म्हणूनच घेतो. आता मधली_रांग यांचं काय झालं की त्यांच्यापुरती वाट सरळ झाली. अडथळाच गेला. ते चकत्या टाकतात खरं, पण खेळत नाहीत, पाठ म्हणून दाखवतात.

डच इतिहासकार हुइझिंगाने १९३८ मध्ये एक बारीक फरक सांगितलाय तो मला फार आवडतो. लबाडी करणारा आणि डाव मोडणारा हे वेगळे. लबाड माणूस निदान खेळ मानतो, नियम आहेत असं भासवतो, म्हणून लोक त्याला पटकन माफ करतात. डाव उधळणारा मात्र "हे सगळं खोटं आहे" असं सांगतो, त्याला कोणी घेत नाही. भाचीला मामा जिंकल्याचा राग नाही, मामा खोटं हरला याचा आहे. तिच्या लेखी तुम्ही रिंगणाच्या बाहेर उभं राहून आत असल्याचं नाटक केलंत.

आता आपल्याकडचा शब्द घ्या, लिंबूटिंबू. इतका नेमका शब्द आहे हा. खेळात आहे पण धरत नाही. पळतो, ओरडतो, बाद झाला तरी बाद नाही. का? कारण त्याला अजून येत नाही, त्याच्या जिंकण्या-हरण्याला अर्थ नाही. माझं वैयक्तिक मत, ज्याला सगळं येतं तोही लिंबूटिंबूच. त्याच्याही जिंकण्याला अर्थ नाही. फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही, सगळे चॅम्पियन म्हणतात.

---

निशिगंधा

शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. 

जाता जाता, लिंबूटिंबू असण्याचं दुःख वेगळंच असतं पण. मी धाकटी, त्यामुळे आयुष्याची पहिली सात वर्षं तीच होते. ज्या दिवशी पहिल्यांदा मला "बाद" म्हणाले त्या दिवशी मी आनंदाने रडले होते.

---

गणंग

तिरकी_चाल, पटतंय पण एक खोट. मास्टर खेळाडूलाही खूप काही पाठच असतं. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग, बुद्धिबळाच्या खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि झाकायची. मास्टरने एका नजरेत १६ च्या आसपास सोंगट्या बरोबर मांडल्या, नवख्याने चारेक. मग त्याच सोंगट्या पाटावर वाटेल तशा विखरून दाखवल्या तर मास्टर आणि नवखा जवळपास सारखेच. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती अचाट नाही, त्याला ओळखीचे आकार दिसतात. तो काय पाठ म्हणून दाखवतो का?

---

तिरकी_चाल

नाही, कारण आकार ओळखूनही पुढे काय होईल ते त्याला माहीत नसतं. ओळख आणि उत्तर यांच्यामधे जी फट आहे तिथेच खेळ राहतो. मधली_रांगने ती फट बुजवली, ती परत पाडायला हवी. गोमध्ये कमी ताकदीच्या खेळाडूला आधीच दोनपासून नऊपर्यंत दगड ठेवू देतात, कोणी मुद्दाम हरत नाही, दोघंही जीव तोडून खेळतात. नियमात बसवलेली सवलत म्हणजे खोटं हरणं नव्हे.

---

पाचवा_फासा

धागा फारच वरच्या पातळीवर गेलाय, मी जरा खाली ओढते. माझ्या एका फाशावर संशय आहे. कॅटान नावाच्या बोर्ड गेममध्ये मला हवा तो आकडा येत नाही. दोन फाशांत ७ ला छत्तिसात सहा, ६ आणि ८ ला छत्तिसात पाच पाच, एवढं कळतं, मी आठावरच घरं बांधते आणि आठ येत नाही. म्हणून ग्लासात पाणी घेऊन मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलं आणि फासा सोडला, तरंगला. टिचकी मारून वीसदा बघितलं. सतरा वेळा ४ वर! आत हवेचा बुडबुडा असणार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

गणंग

पाण्यातला फासा निवांत फिरत बसतो, टेबलावरचा आपटतो. बुडबुड्याने पाण्यात फरक पडतो तेवढा फेकीत पडेलच असं नाही. मोजल्याशिवाय कळणार नाही. ६०० वेळा टाका. प्रत्येक आकडा १०० दा यायला हवा. प्रत्येकाचा १०० पासून फरक काढा, वर्ग करा, १०० ने भागा, सहांची बेरीज करा. ११ च्या वर गेली तर संशय घ्यायला जागा आहे.

६०० ऐकून घाबरू नका, वेल्डन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये १२ फासे २६,३०६ वेळा टाकून मांडलेले आकडे आहेत. एकूण ३,१५,६७२ निकाल. त्यात ५ आणि ६ मिळून १,०५,२२४ वेळा यायला हवे होते, आले १,०६,६०२. का, तर ठिपके कोरलेले असतील तर सहाच्या बाजूचा सगळ्यात जास्त भाग कोरला गेलेला असतो, ती बाजू हलकी, आणि तिच्या समोर एक, जड. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये हीच आकडेवारी घेऊन आत्ता तुम्हाला दिलेली कसोटी मांडली.

---

रिकामा_खोका

मी पहिल्या प्रतिसादात म्हणालो दुसरा गेम काढा, ते अजून कायम आहे. पण हेक्स कागदावर काढून खेळलो काल. रात्रीचे दोन वाजले. तुम्हा लोकांना देव बघून घेईल.

---

मधली_रांग (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सवलतीचं तिरकी_चाल यांचं ऐकून भाचीलाच विचारलं की मला सगळं पाठ झालंय, खरंच झालंय, आता तूच एखादा नियम सुचव. (हे कबूल केल्यावर ती पहिल्यांदा जरा माणसात आली.) तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, तुझ्या पहिल्या दोन चकत्या मी टाकणार.

बसलो. तिने माझी पहिली एकदम डाव्या कडेला टाकली, स्वतःची मधे, आणि माझी दुसरी परत कडेलाच, पहिलीच्या डोक्यावर. आता असल्या भिकार स्थितीतून पुढचं मला काहीही पाठ नाही, कारण अशी वेळ प्रोग्रामशी खेळताना मी स्वतःवर कधी आणलीच नव्हती. पहिला डाव हरलो, खरा हरलो. दुसराही. तिसरा जिंकलो आणि घाम पुसला. चौथा परत हरलो. तिची टकटक चालू होती आणि मी पण तिच्या तोंडाकडे बघायला लागलो होतो.

पाचव्या डावाला तिने माझी पहिली चकती कडेपासून सरकवत सरकवत आणली आणि मधल्या रांगेत सोडली. मुद्दाम की हात सुटला, मी विचारलं नाही.

---

डबाबंद

अवांतर: सील काढलं. खेळातला पहिला महिना हरलो. एक कार्ड फाडायचं होतं, बायकोने फाडलं, माझ्याने झालं नाही. तुकडे पाकिटात ठेवलेत.

---

पाचवा_फासा

६०० पूर्ण. दोन दिवस लागले, शेवटचे शंभर नवऱ्याने टाकले. १ आला ९१ वेळा, २ १०४, ३ ९७, ४ ११८, ५ ९५, ६ ९५. गणंग यांच्या पद्धतीने बेरीज ४.८.

म्हणजे फासा निर्दोष. आता नवरा मला विचारतोय की मग इतके दिवस हरत कोणामुळे होतीस.